आधी डोळ्यात, मग कॅमेऱ्यात : सोलापूरच्या पाच जणांच्या प्रकल्प नोंदी

10 नोव्हेंबर 2024, रविवार

दिवाळी झाली की आम्ही पाच जण पार्क चौकात चहाला बसतो आणि कोणी काय काढलं ते एकमेकांना दाखवतो, दरवर्षीचं ठरलेलं आहे. यंदा पाच जणांचे मिळून 1400 च्या वर फोटो निघाले. पणत्या, मातीचे किल्ले, फटाके, रांगोळ्या, नवी पेठेतली गर्दी. बघता बघता ताईंनी (शाळेत चित्रकला शिकवतात) एकच विचारलं, ह्यातला कुठला फोटो बटण दाबायच्या आधी तुम्हाला दिसला होता? कुणालाच सांगता येईना. मला तर एकही आठवला नाही, सगळे कॅमेऱ्यानं काढलेले, मी नुसता धरून उभा होतो.

त्यावर काकांनी (रेल्वेतून रिटायर झालेत, फिल्मच्या जमान्यापासूनचे) अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सची गोष्ट सांगितली. 10 एप्रिल 1927, अमेरिकेतलं योसेमिटी, समोर हाफ डोम नावाचा प्रचंड उभा कडा. तेव्हा तो 25 वर्षांचा, पाठीवर मोठा कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा (एका प्लेटीवर एकच फोटो), आणि वर पोचेपर्यंत फक्त दोन प्लेटा शिल्लक. पहिली पिवळा फिल्टर लावून काढली. काढल्यावर त्याच्या ध्यानात आलं की ह्यात आभाळ साधं राखाडी येणार, आणि त्या कड्यापुढं उभं राहून त्याला जे वाटत होतं त्यात आभाळ जवळजवळ काळं होतं. मग शेवटच्या प्लेटीला गडद लाल फिल्टर. लाल फिल्टर निळा उजेड अडवतो म्हणून कृष्णधवल फोटोत आभाळ काळं पडतं, आणि कडा अंधारातून पुढं आल्यासारखा दिसतो. तोच फोटो राहिला. पुढं आयुष्यभर तो ह्याला व्हिज्युअलायझेशन म्हणत राहिला, म्हणजे शेवटची प्रिंट कशी दिसणार ते शटर दाबायच्या आधी मनात बघणं.

मला ह्यात सगळ्यात भिडलं ते हे की शेवटी त्याच्याकडं एकच प्लेट उरली होती. आमच्याकडं 64 जीबीचं कार्ड असतं.

तर ठरलं. संक्रांतीपर्यंत, म्हणजे गड्ड्यापर्यंत (आमची सिद्धेश्वराची जत्रा), प्रत्येकानं फोटो काढायच्या आधी वहीत दोन ओळी लिहायच्या, फोटोत काय असेल आणि बघणाऱ्याला काय वाटावं. मग जास्तीत जास्त तीन फ्रेम, म्हणजे तीनच फोटो. आल्यावर ओळी आणि फोटो शेजारी ठेवून बोलायचं. नोंदी ठेवायचं काम माझ्याकडं.

12 नोव्हेंबर

कार्ड कापली. हे जरा सविस्तर लिहितो कारण बिनखर्चाचं आहे आणि कुणालाही घरी करता येईल.

चादरीच्या बॉक्सचा जाड पुठ्ठा घेतला, त्यात 12 सेंटीमीटर बाय 8 सेंटीमीटरची खिडकी कापली. 3:2 चं प्रमाण, बऱ्याचशा कॅमेऱ्यांच्या फोटोचं असतं तेच. आतून काळा रंग दिला, नाहीतर पुठ्ठ्याच्या कडा चमकतात. आता एक डोळा मिटून खिडकीतून बघायचं. कार्ड डोळ्याजवळ आणलं की जास्त दिसतं म्हणजे वाइड, लांब नेलं की कमी दिसतं म्हणजे टेली. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, पण किती लांब धरलं की कुठली लेन्स, हा हिशोब काकांनी बसवला. आमच्यातल्या तिघांचे कॅमेरे क्रॉप सेन्सरचे, म्हणजे आत उजेड टिपणारा सेन्सर छोटा असलेले. त्यांचा सेन्सर साधारण 24 मिलिमीटर रुंद, खिडकी 120 मिलिमीटर, म्हणजे पाचपट. मग कार्ड पण लेन्सच्या आकड्याच्या (लेन्सवर लिहिलेले मिलिमीटर) पाचपट लांब धरायचं. 18 ची लेन्स तर 9 सेंटीमीटर, 35 ची तर साडेसतरा, 50 ची तर 25. थोडक्यात लेन्सच्या आकड्याचे अर्धे सेंटीमीटर. फुल फ्रेमवाल्यांनी, म्हणजे मोठ्या सेन्सरवाल्यांनी, आकडा तीननं भागायचा, 50 ला साधारण 17 सेंटीमीटर. आमच्या कॉलेजच्या पोराकडं नुसता फोन आहे, त्याच्यासाठी 12 बाय 9 ची खिडकी, आणि फोनच्या मेन कॅमेऱ्याला 9 सेंटीमीटरचं अंतर बरोबर बसतं.

पण रस्त्यात पट्टी घेऊन कोण फिरणार. शेडवाल्या मित्रानं (पूर्व भागात त्यांचे घरचे आठ माग आहेत) खिशातनं सूत काढलं, कार्डाला बांधलं आणि 9, साडेसतरा, 25 वर गाठी मारल्या. गाठ डोळ्याखालच्या हाडाला टेकवायची, सूत ताणायचं, झालं. अंधारात पण बोटाला कळतं कुठली गाठ आहे ते.

17 नोव्हेंबर, रविवार

भुईकोट किल्ल्याच्या बागेत सकाळी सातला. कॅमेरे पिशवीतच, पहिला एक तास नुसतं कार्ड. फिरायला आलेले लोक थांबून विचारायचे, काय बघायलाय हो? पोरानं एका आजोबांना कार्ड दिलं, ते तटाकडं बघत बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, इतकी वर्षं येतोय, बुरुजावर हे झाड आहे हे आजच बघितलं.

ताईंचे सल्ले, जसे आठवतात तसे. पहिलं, डोळे अर्धे मिटून बघा, बारीकसारीक गायब होतं आणि फक्त काळे-पांढरे आकार राहतात, ते आकार एकमेकांशी बोलत असतील तरच पुढं जा. दुसरं, मधली वस्तू बघायची सोडा आणि चारही कोपऱ्यांतून बोट फिरवल्यासारखी नजर फिरवा, कोपऱ्यात काय घुसलंय? पाण्याची बाटली, कुणाची चप्पल, अर्धी फांदी. आपण माणसाचा चेहरा बघत असतो तेव्हा कोपरा आपल्याला दिसतच नाही, आणि फोटोत पहिला तोच दिसतो. तिसरं मला फार आवडलं, जे काढायचंय त्याचं नाव विसरा. "बुरुज" म्हणलं की आपण बुरुज काढतो. "उजवीकडून येणारा उन्हाचा तुकडा आणि त्याखाली थंड काळा दगड" म्हणलं की दुसरंच काहीतरी निघतं.

एक-तृतीयांशाच्या नियमावरून (फोटोचे उभे-आडवे तीन-तीन भाग करायचे आणि वस्तू त्या रेघेवर ठेवायची) थोडी वादावादी झाली. पोराचं म्हणणं की फोनमध्ये ग्रीड चालू केली, वस्तू रेघेवर ठेवली की काम झालं. काकांनी सांगितलं की हा नियम म्हणून 1797 मध्ये जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकारानं लिहिला, आणि तो बोलत होता निसर्गचित्रात उजेड-अंधार आणि जमीन-आभाळाची वाटणी कशी करावी ह्यावर. अर्धं-अर्धं केलं की नजर कुणाची बाजू घ्यावी ते ठरवू शकत नाही, एवढंच त्यामागं. म्हणजे प्रश्न रेघेचा नाही, जास्त जागा कुणाला द्यायची हा आहे. माझं मत काकांकडं झुकतं. ग्रीड सुरुवातीला आधार म्हणून ठीक, पण ती लावली की डोळा वस्तू ठेवायला जागा शोधतो, वस्तू काय म्हणतेय ते ऐकत नाही.

24 नोव्हेंबर, रविवार

मित्राच्या शेडमध्ये पहिल्यांदा. मला ह्या प्रकल्पात काढायचा होता तो फोटो हाच. माझे आजोबा गिरणीत होते आणि लहानपणी आमच्या घरात त्यांच्या कपड्यांना येणारा सुताचा आणि तेलाचा वास मला अजून आठवतो, तर त्या वासाचा फोटो काढायचा असं डोक्यात. वहीत लिहिलं, "मागाचा आवाज दिसावा. माणूस त्या आवाजाच्या मध्ये शांत उभा."

आत गेलो आणि काहीच जमलं नाही. आठ माग धडाधडा चालू, बोलायचं तर कानाला तोंड लावून, सगळीकडं ट्यूबलाइटा, वायरी, कांड्यांच्या पेट्या, देवाचे फोटो, कॅलेंडर, खुंटीवर शर्ट. कार्ड धरलं तरी खिडकीत दहा गोष्टी. तीन फ्रेम काढल्या, तिन्हीत सगळं आहे आणि काहीच नाही.

ट्रायपॉडचा अनुभव लिहून ठेवतो, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. शेडची फरशी मागाबरोबर थरथरते, त्यामुळं ट्रायपॉड लावून हळू शटर ठेवलं तर उभा माणूस पण हललेला येतो. मित्रानं तिन्ही पायांखाली चादरीच्या जाड घड्या ठेवल्या आणि हादरा बराच कमी झाला.

1 डिसेंबर, रविवार

आजची नोंद अण्णांची. अण्णा म्हणजे मित्राचे वडील, सत्तरीच्या पुढं, आयुष्यभर जॅकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाइनं केली. मी गेल्या रविवारचे तीन फोटो दाखवले. त्यांनी बघितले, काही बोलले नाहीत, आत गेले आणि ट्रंकेतनं जुना ग्राफ पेपर घेऊन आले. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, त्यावर मोराचं डिझाइन, एकेक चौकोन लाल रंगानं भरलेला.

त्यांनी बोट ठेवून सांगितलं. उभी एक रांग म्हणजे ताण्याचा एक धागा, आडवी एक रांग म्हणजे बाण्याचा एक. भरलेला चौकोन म्हणजे तिथं ताणा उचलायचा. साध्या डिझाइनला आडव्या एका रांगेचा एक पत्ता, पत्त्यात जिथं भोक तिथं आकडा धागा उचलतो, भोक नाही तिथं धागा खालीच. असे शेकडो पत्ते एकामागं एक ओवून मागाच्या डोक्यावर चढवायचे. जॅकार्डनं 1804 च्या सुमाराला फ्रान्समध्ये बसवलेली युक्ती, आणि तेच पत्ते आमच्या सोलापुरात चादरीवर मोर काढत राहिले. मग अण्णा म्हणाले (घरी तेलुगू, आमच्याशी मराठी), "पत्ता पाडला की पाडला. चूक झाली तर प्रत्येक चादरीत तीच चूक येती. म्हणून पेपरावरच पूर्ण चादर बघायची, ओढून अंगावर घेऊन बघायची, मग पंच उचलायचा."

ओढून अंगावर घेऊन बघायची. मी ते तिथंच वहीत लिहून घेतलं.

मी विचारलं मोराच्या भोवती एवढी मोकळी जागा का सोडली. ते म्हणाले, "ती जागा पण मीच काढली की. रिकामे चौकोन मोजून सोडलेत." आणि खरंच, मोराच्या पिसाऱ्यापासून काठापर्यंतचे रिकामे चौकोन दोन्ही बाजूंना सारखे नव्हते. मोर ज्या बाजूला बघतोय तिकडं जास्त होते. हे त्यांना कुणी कंपोझिशन म्हणून शिकवलेलं नाही.

मग माझ्या फोटोकडं वळून म्हणाले, ह्यात तू काहीच सोडलं नाहीस.

8 डिसेंबर

ताईंबरोबर विडी वळणाऱ्या एका अक्कांच्या घरी. ताईंची जुनी ओळख, आधी जाऊन विचारून आल्या होत्या, तरच गेलो. ह्यावर आमच्या ग्रुपचं मत पक्कं आहे. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात, त्यांच्या दारात न विचारता कॅमेरा घेऊन जायचं नाही.

अक्का उंबऱ्याशी बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि ओलसर तेंदूपत्ता, पत्र्याचा तुकडा पानावर ठेवायचा आणि कात्रीनं त्याच मापाचं कापायचं, तंबाखू, वळ, टोक दुमड, दोरा. मला वाटलं चेहरा घ्यावा, खिडकीचा उजेड एका गालावर छान पडला होता. वहीत तसं लिहिलं पण. अक्कांनी विचारलं काय लिवलंस, मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तोंड नको बाळा. तोंड तर सगळ्यांचंच असतंय. हात घे."

पोरानं फोन खाली नेला, सुपाच्या काठाच्या उंचीवर, म्हणजे सूप एखाद्या मैदानासारखं पसरलं आणि मागच्या बाजूनं दोन हात आत आले. दोऱ्याचं रीळ पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, तिथपासून हातापर्यंत दोरा तिरका ताणलेला, फोटोतली एकमेव सरळ रेघ. त्यानं तीन पण नाही, दोनच काढले. आतापर्यंतचा आमचा सगळ्यात चांगला फोटो हा, आणि त्याचं अर्धं श्रेय मी अक्कांना देतो, काय नको ते त्यांनी आधी सांगितलं म्हणून.

14 डिसेंबर, शनिवार

उद्या पौर्णिमा, पण आम्ही मुद्दाम आज गेलो, सिद्धेश्वर तलावावर. कारण असं की पौर्णिमेला चंद्र सूर्य मावळायच्या सुमाराला उगवतो, तो जरा वर येईपर्यंत खाली अंधार पडतो, मग एकतर चंद्र नुसता पांढरा ठिपका येतो नाहीतर देऊळ काळं. आदल्या संध्याकाळी चंद्र तासभर आधी वर आलेला असतो आणि देवळावर अजून दिवसाचा उजेड असतो. दोन्ही जुळतात ती दहा-पंधरा मिनिटं.

तिथं काठावर उभं राहून काकांनी पुन्हा अ‍ॅडम्स काढला. 1 नोव्हेंबर 1941, न्यू मेक्सिकोतलं हर्नांडेझ गाव, गाडीतनं जाताना त्याला दिसलं की चंद्र वर आलाय आणि स्मशानातल्या पांढऱ्या क्रॉसांवर शेवटचं ऊन आहे. उतरून कॅमेरा लावला आणि उजेड मोजायचा लाइट मीटर सापडेना. पण चंद्राचा उजेड किती हे त्याला पाठ होतं, चौरस फुटाला 250 कँडल, त्यावरून मनातच एक्स्पोजर काढलं आणि एक फोटो घेतला. दुसरी प्लेट तयार करेपर्यंत क्रॉसांवरचं ऊन गेलं होतं.

मला ह्यातून मिळालेलं असं की मनात बघणं म्हणजे हवेत इमले नाहीत, त्याला आकड्यांचं हाड लागतं. आमचंच उदाहरण. मी वहीत "देवळाच्या शिखरामागं मोठा चंद्र" लिहून गेलो होतो. काकांनी विचारलं लेन्स कुठली, म्हणलं 18-55. त्यांनी सांगितलं लेन्सचा आकडा 110 नं भाग, तेवढे मिलिमीटर चंद्र सेन्सरवर येतो. 55 ला अर्धा मिलिमीटर. 12 इंच रुंद प्रिंट केली तर चंद्र 6 मिलिमीटर, तुरीच्या दाण्याएवढा. डोळ्याला मोठा वाटतो कारण मन त्याला मोठं करतं, लेन्सला मन नाही. काकांच्या 300 नं तो साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास जाईल पण मग आम्ही उभे होतो तिथनं अख्खं देऊळ फ्रेममध्ये मावत नाही.

मग दोन ओळी खोडल्या आणि परत लिहिल्या, "चंद्र छोटाच. मोठं आहे ते पाणी, आणि ते गप्प आहे." काठाकाठानं सरकत गेलो, 9 च्या गाठीवर कार्ड धरून, चंद्र शिखरापासून सुटा होईपर्यंत. सुटा हे महत्त्वाचं, दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्या की एकच होतात. देऊळ वरच्या एक-चतुर्थांशात, खाली सगळं पाणी. आभाळ जरा अंडर, म्हणजे गडद, ठेवलं म्हणजे चंद्राचा गोल पांढरा फटक होत नाही.

ताईंना हा फोटो फार आवडला. मला अजून ठरवता आलेलं नाही, पण जे लिहिलं होतं ते आलं, हे खरं.

29 डिसेंबर

ह्या आठवड्यात विशेष काही नाही. शेतावर हुरड्याला गेलो, धूर आणि सकाळचं तिरकं ऊन बघून राहवलं नाही, वही न काढता 40 फोटो काढले. घरी येऊन बघितले. सगळे डिलीट केले, एक ठेवला, पुतणीचा, कारण तो तिच्यासाठी आहे.

13 जानेवारी 2025, भोगी

गड्डा. अक्षता सोहळा. सातही नंदीध्वज (देवाच्या मानाच्या उंच काठ्या), हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत, दुपारचं कडक ऊन, त्यात होर्डिंगं आणि वायरींची जाळी. सोलापूरच्या माणसाला इथं कॅमेरा उचलावासा वाटला नाही असं होणार नाही, आणि इथंच सगळ्यांचे फोटो एकमेकांसारखे येतात.

काकांनी काल रात्री फोटोग्राफर रघुबीर सिंग ह्यांचे काही फोटो दाखवले होते. जन्म 1942, निधन 1999, भारतातला रस्ता रंगात काढला त्यांनी. ते गर्दीला घाबरत नाहीत, पण गर्दी तशीच्या तशी घेत पण नाहीत, एखादा खांब, दार, अँबॅसॅडर गाडीची खिडकी मध्ये घेतात आणि एका फोटोचे दोन-तीन कप्पे करतात, प्रत्येक कप्प्यात वेगळं काहीतरी चालू. काकांचं म्हणणं, आपल्याकडं तर देवानं सात काठ्या दिल्यात.

म्हणून माझ्या ओळी अशा होत्या, "काठी मधोमध. डावीकडं धरणारा, उजवीकडं बघणारा." एका कट्ट्याशी जागा धरली आणि तासभर हललो नाही. नंदीध्वज पेलणारा माणूस वर बघत नसतो हे मला आज जवळून कळलं. तो समोर बघतो, तोल कमरेत असतो, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि बाराबंदीचे बंद घामानं अंगाला चिकटलेले. वर बघतात ती बाकीची सगळी माणसं.

तांत्रिक एक, पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत कॅमेऱ्याच्या मीटरवर विसंबू नका. मीटरला सगळं जग मध्यम राखाडी वाटतं, पांढरं दिसलं की तो फोटो काळवंडून टाकतो. मी एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट, वाढवलं. शेडमध्ये ह्याच्या उलट, अंधार बघून मीटर उजेड वाढवतो, तिथं एक स्टॉप कमी. कुठली गोष्ट किती पांढरी यायला पाहिजे हे आपण ठरवायचं असतं.

दुसऱ्या फ्रेममध्ये काठी सरळ मध्ये आली, डावीकडं तो, उजवीकडं वडिलांच्या खांद्यावर एक चार-पाच वर्षांची मुलगी तोंड उघडं टाकून वर बघणारी. तिसरी फ्रेम काढलीच नाही. अक्षता पडल्या तेव्हा कॅमेरा गळ्यात होता आणि मी इतरांसारखा हात जोडून उभा होतो.

19 जानेवारी, रविवार

परत शेड. ह्या वेळी आधी दोन दिवस नुसता उजेड बघायला गेलो होतो. छपराला एक पारदर्शक पत्रा आहे, जानेवारीत सकाळी साडेआठच्या सुमाराला त्यातनं ऊन तिरकं तिसऱ्या मागावर उतरतं, वीस मिनिटं राहतं आणि सरकतं. आणि त्या उन्हात सुताचा बारीक भुगा तरंगतो. हा भुगा वाटेल तिथनं दिसत नाही. उजेड आपल्या पाठीमागं असला तर गायब. उजेडाकडं तोंड करून उभं राहिलं आणि मागं अंधार असला तरच तो पेटतो. म्हणजे जागा एकच होती, चौथ्या मागाच्या अलीकडं, गुडघ्यावर बसून.

मित्राला ट्यूबलाइटा बंद करायला सांगितलं. कॅलेंडर, शर्ट, पेट्या सगळं अंधारात बुडालं. नोव्हेंबरमध्ये मी त्यांना हलवून ठेवायचा विचार करत होतो.

25 च्या गाठीवर कार्ड. खिडकीत उरलं एवढंच, वर अंधारात लटकणारे पत्ते, त्यातनं खाली येणारा उन्हाचा पट्टा, आणि त्यात कारागिराचा एक हात, तुटलेला धागा सांधायला वाकलेला. वहीत लिहिलं, "आवाज थांबायच्या आधीचा क्षण." पण धागा तुटला की तो माग थांबतो, मग आवाज कुठून दाखवणार? शेजारचा माग चालू होता. त्याची फणी फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात येऊ दिली आणि शटर 1/8 सेकंद ठेवलं, पायांखाली चादरी. 1/250 ला फणी थिजते आणि शेड बंद पडल्यासारखी वाटते, 1/8 ला ती धुरकट होते. धागा सांधताना कारागीर श्वास रोखतो, त्यामुळं त्याचा हात स्थिर. बाकी सगळं हलतंय.

तीन फ्रेम. तिसरी.

घरी जाऊन मोठी करून बघितली तेव्हा आजोबांचा वास आला असं म्हणलं तर खोटं होईल, पण आईनं स्क्रीनकडं बघितलं आणि काही न बोलता माझ्याशेजारी बसली, बराच वेळ.

26 जानेवारी, रविवार

प्रिंटा आल्या, प्रत्येकाच्या दोन, 12 बाय 8 इंच. पहिल्यांदा एका लॅबनं शेडचा फोटो आपोआप उजळवून दिला, अंधारातलं कॅलेंडर परत दिसायला लागलं, शर्ट पण. परत देऊन सांगितलं, करेक्शन काहीच नको, काळं ते काळंच. प्रिंटला टाकणाऱ्यांनी हे आधीच सांगून ठेवा.

आज शेड बंद होती, तिथंच सूत बांधून चिमट्यांनी सगळ्या लावल्या. विडीवाल्या अक्का आल्या होत्या, त्यांनी आपल्या हातांपुढं उभं राहून नातीला सांगितलं, दोरा बघ कसा ताठ धरलाय. कारागिरानं स्वतःचा हात ओळखला तो अंगठ्याजवळच्या डागावरून.

अण्णा शेवटी आले. माझ्या फोटोपुढं उभे राहिले आणि बोटानं काळी जागा मोजल्यासारखी फिरवली, डावीकडून, मग उजवीकडून. "इकडं दोन बोटं जास्त सोडलंस," म्हणाले, "बरोबर हाय." मग माझ्या हातातनं कार्ड घेतलं. हे काय, विचारलं. मी गाठींचं सांगितलं. सुताचं ऐकून हसले, गाठ डोळ्याखाली टेकवली, एक डोळा मिटला आणि बंद मागांच्या मधनं हळूहळू चालायला लागले. एका मागापाशी थांबले, खाली बसले, परत उठले, दोन पावलं मागं आले, गाठ बदलली. आम्ही पाचही जण गप्प.

"इथनं," म्हणाले. "पण पावणेनऊला. आत्ता नाही."

उद्या पावणेनऊला जायचंय. कार्ड त्यांच्याकडंच राहिलंय, माझ्यासाठी नवीन कापायला घेतलंय.